मागं काय चाललंय बे? गेममधल्या बॅकग्राउंडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या आमच्या गेमवाल्यांच्यात नवीन कुणी येऊन बसलं की तेच तेच प्रश्न येतात, अन् दर वेळी तीच टेप वाजवायची म्हणजे चहा गार होतो. म्हणून एकदाचं लिहून टाकलंय. माहिती खरी आहे, तर्क आमचे आहेत, कुठलं काय ते वाचताना कळतंच.

तुम्ही लोक गेम खेळताय का भिंती बघताय?

दोन्ही. एकच मिशन परत परत हरलं की माणसाचं लक्ष आपोआप मागं जातं. हा बाबा मघापासून खांबाशीच का बोलतोय, या हॉटेलाला किचनच नाही तर ऑर्डर कुठनं येते, पाचव्या मजल्यावरच्या या घराला जिनाच नाही तर राहणारा वर गेला कसा. मग शेजारचा म्हणतो काय बघलालास बे, मिशन कर की, आणि दोन मिनिटांनी तोच खुर्ची ओढून म्हणतो की जिना नाही कारण तो माणूस बिल्डिंग बांधायच्या आधीपासून तिथं राहतोय. झालं, मिशन गेलं तेल लावत.

अट एकच आहे. तर्क कितीही येडा असू दे, पुरावा स्क्रीनवर दिसला पाहिजे. "माझ्या मामाच्या पोरानं बघितलंय" हा पुरावा धरला जात नाही, कारण सोलापुरात प्रत्येकाच्या मामाच्या पोरानं बिगफूट (जंगलात फिरतो म्हणतात तो केसाळ राक्षस) बघितलेला आहे.

मारिओमधले ढग आणि झुडपं सेम टू सेम का दिसतात?

कारण ते सेमच आहेत. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सला अख्ख्या गेमसाठी मिळून जागा होती ४० केबी, आज फॅमिली ग्रुपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो त्याच्यापेक्षा जड असतो. एवढ्यात ढगाचं वेगळं अन् झुडपाचं वेगळं चित्र परवडत नाही, मग एकच चित्र काढायचं, पांढरं केलं की ढग, हिरवं केलं की झुडूप. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या घरी माग होते त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही, चादरीचं डिझाईन तेच असतं, सूत बदललं की गिऱ्हाईकाला दुसरी चादर दिसते.

हे झालं खरं उत्तर. आमच्यातला तर्क असा की मारिओच्या गावात अख्ख्या गेममध्ये एक थेंब पाऊस पडत नाही, कारण ढग खाली उतरून हिरवे होऊन बसलेत आणि परत वर जायला तयार नाहीत. जिल्हा कायम दुष्काळी पट्ट्यात असल्यामुळं हे सगळ्यांना लगेच पटलं.

मारिओ विटा फोडतो म्हणजे माणसं फोडतो असं ऐकलं, खरं का?

हा तर्क नाही, गेमबरोबर आलेल्या पुस्तिकेतच लिहिलंय. कूपा लोकांनी, म्हणजे मारिओच्या दुश्मन कासवांनी, जादू करून मशरूम राज्यातल्या शांत गरीब जनतेचं दगड, विटा अन् झाडंझुडपं करून टाकली, असं. म्हणजे आपण सगळ्यांनी लहानपणी डोक्यानं जे फोडलं ते कुणाचं तरी काका-मामा होतं.

आता आमच्यात एक वकिली शिकणारा आहे, तो म्हणतो पुस्तिका पूर्ण वाचा. त्यात पुढं असंही आहे की विटा झालेले काही मशरूम भेटले तर ते तुम्हाला बक्षीस म्हणून ताकद देतात. म्हणजे ज्या विटेतून मशरूम निघाला ती व्यक्ती खूश आहे, केस होत नाही. ज्या विटेतून काहीच निघालं नाही अन् नुसते तुकडे उडाले, त्यांच्याबद्दल पुस्तिका गप्प आहे. तो म्हणतो शंकेचा फायदा आरोपीला. बाकीचे म्हणतात आरोपी पुढच्या विटेवर उडी मारतोय, आधी त्याला धरा.

एखादा येडा तर्क खरा निघालाय का कधी?

निघालाय की. सुपर मारिओ ब्रदर्स ३ घ्या, १९८८ चा. लोक कित्येक वर्षं म्हणत होते की हे सगळं नाटक आहे, मारिओ खऱ्या जगात नाहीच, स्टेजवर आहे. पुरावे बघा, सुरुवातीला पडदा वर जातो, मागचे ठोकळे स्क्रूनं ठोकलेत, काही फळ्या वरनं टांगलेल्या आहेत, ठोकळ्यांची सावली चक्क आकाशावर पडते (आकाशावर सावली पडायला ते कापडाचं असावं लागतं), आणि लेव्हल संपताना मारिओ काळोखात निघून जातो, म्हणजे विंगेत. २०१५ मध्ये मारिओवाल्या निन्टेन्डो कंपनीच्या एका छोट्या व्हिडिओत मारिओचा जन्मदाता खुद्द शिगेरू मियामोतोला अशाच अफवा विचारल्या, त्यानं या नाटकवाल्या प्रश्नाला मान डोलावली. झालं शिक्कामोर्तब.

तेव्हापासून आमच्यात मारिओ ३ लावला की कुणीतरी हुतात्मा स्मृती मंदिराच्या (आमचं नाट्यगृह) आवाजात तिसरी घंटा देतो. मोबाईल बंद ठेवा म्हणून सूचनाही होते.

मुस्तफात ड्रम फोडला की मटण कसं निघतं?

आला मुद्द्यावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. चार गडी आहेत, जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा, पण पिवळी टोपी घालून लाथ मारणारा मुस्तफा सगळ्यात चपळ म्हणून आपल्याकडं अख्ख्या गेमलाच मुस्तफा म्हणतात आणि बाकी तिघांनी तक्रार केलेली नाही. सोलापुरातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात हा डब्बा असायचाच, जॉयस्टिकचा गोळा निघून गेलेला, त्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, लाथेचं बटण एकदा दाबलं की आत जाऊन बसायचं ते नखानं वर काढायचं, आणि मागं चार पोरं उभी राहून "ड्रम फोड, ड्रम फोड" ओरडायची.

तर ड्रम फोडला की जेवण. ही पद्धत मुस्तफाची नाही, कॅपकॉमच्याच १९८९ च्या फायनल फाईटमध्येही ड्रमातून भाजलेलं मटण निघायचं, आणि त्याच्याही आधी १९८६ च्या कॅसलवेनियात तर भिंत फोडली की आत तंदुरी तयार. कारण साधं आहे, लाईफ वाढवायला काहीतरी लागतं, औषधाची बाटली त्या छोट्याशा चित्रात ओळखू येईल न येईल पण भाजलेली तंगडी लांबूनही ओळखू येते. आणि दुकानदाराच्या दृष्टीनं बघितलं तर शेवटचा श्वास चालू असताना तंगडी मिळाली की पोरगा हमखास पुढचं कॉइन काढतो, आता थोडक्यात राहिलंय म्हणून.

तर्क मात्र चिकार आहेत. एकाचं म्हणणं हे कुठल्यातरी केटररचे ड्रम, लग्नाची ऑर्डर होती, मारामारीत पोचलीच नाही. दुसरा म्हणतो रस्त्यावरच्या ड्रमातलं मटण खाऊन तब्येत सुधारते म्हणजे मुस्तफा नक्की आपल्याकडं राहून गेलेला असणार.

पण सगळ्यात भारी तर्क एका शांत पोरानं मांडला, तो कधीच बोलत नाही. तो म्हणाला, या गेममधले व्हिलन कोण आहेत? डायनासोरांची शिकार करून चोरून विकणारे. ते माल कुठं ठेवत असतील? ड्रमात. मग ड्रमातलं मटण कशाचं? सगळे गप्प झाले. म्हणजे डायनासोर वाचवायला निघालेले हे चौघं, लाईफ कमी झाली की डायनासोरच खातात. पुरावा स्क्रीनवर आहे, व्हिलनचा धंदा गोष्टीतच सांगितलाय, आक्षेप घ्यायला जागाच नाही. त्या दिवसापासून आमच्यातला शाकाहारी गडी एकटाच ताठ मानेनं मुस्तफा खेळतो, तो ड्रम फोडत नाही आणि तिसऱ्या लेव्हलच्या पुढं जात नाही.

हजारो वर्षं बंद असलेल्या थडग्यात मशाल कोण पेटवून ठेवतं?

टूम्ब रेडर १९९६ पासून हा प्रश्न पडून आहे. दार उघडायला दगड ढकलायचा, कोडं सोडवायचं, वटवाघळं अंगावर घ्यायची, आणि आत गेलं की मस्त उजेड. आमच्या घरी एक बल्ब चालू राहिला तर आई तीन खोल्यांतून ओरडत येते, आणि इथं अख्खं थडगं रात्रंदिवस चालू.

खरं कारण एवढंच की काळोखात गेम दिसत नाही. पण स्कायरिम (२०११) वाल्यांनी याचं उत्तर जवळजवळ देऊन ठेवलंय. तिथं थडग्यात ड्रॉगर नावाची मढी असतात, आणि गेममध्येच एक पुस्तक सापडतं ज्यात एक बाई त्या मढ्यांबरोबर राहून लिहिते की ती रोज पाळीपाळीनं उठतात, आपल्या पुजाऱ्याच्या पेटीसमोर लोटांगण घालतात आणि मग तिथली साफसफाई करतात. साफसफाई करणारा दिवा लावणारच. म्हणजे आपण तलवार घेऊन घुसतो तेव्हा ते बिचारे ड्युटीवर असतात. मढी असून पाळी चुकवत नाहीत.

जीटीए व्हाइस सिटीत चंद्राला गोळी मारली की तो लहान-मोठा होतो, हे कुणी फेकलं?

फेकलेलं नाही, करून बघा. रात्र होऊ द्या, स्नायपर काढा, चंद्रावर नेम धरा आणि मारा. आकार बदलतो. त्याच मालिकेतल्या जीटीए ३ मध्येही होतं, सॅन अँड्रियासमध्येही होतं.

लोकांनी यावर काय काय लिहिलं होतं, सरकारी कट, गेमचा हिरो टॉमीच्या मनाची अवस्था, चंद्र म्हणजे फुगा. मग त्या वेळी हे गेम बनवणाऱ्या रॉकस्टार नॉर्थमध्ये टेक्निकल डायरेक्टर असलेल्या ओबे व्हर्मेइनं अलीकडं स्वतःच सांगून टाकलं. जीटीए ३ चं काम चालू होतं, चित्रकार मंडळींचं चंद्राच्या आकारावर एकमत होईना, कुणाला लहान पाहिजे कुणाला मोठा. यानं म्हटलं मी स्नायपरनं आकार बदलायची सोय करून देतो, तुम्ही खेळून ठरवा अन् मला सांगा. कुणी परत सांगायला आलंच नाही. ते तसंच राहिलं आणि करोडो लोकांच्या घरी गेलं.

मला वैयक्तिक विचाराल तर हे उत्तर सगळ्या तर्कांपेक्षा भारी आहे. ज्यानं कुणी ऑफिसात चार जणांच्या कमिटीकडनं साधा बॅनरचा रंग फायनल करून घेतलाय त्याला हे वाचून हसू कमी अन् घाम जास्त येईल.

सॅन अँड्रियासमध्ये बिगफूट आहे का नाही, एकदा सांगून टाका.

नाही. २००४ च्या त्या गेममध्ये नाही. माउंट चिलियाडवर रात्रभर फिरा, धुक्यात थांबा, कॅमेरा काढा, नाही म्हणजे नाही. सायबर कॅफेत ज्यांनी "दाखवतो चल" म्हणून तासाचे पैसे आपल्याकडनं भरून घेतले त्यांनी ते परत करावेत.

पण ही अफवा इतकी का टिकली ते समजून घ्या, कारण त्याच जंगलात खरंच काहीतरी आहे. बॅक ओ बियाँड नावाच्या भागात ठेचकाळलेली जुनी ग्लेनडेल गाडी ड्रायव्हरशिवाय उतारावरनं गडगडत येते. रात्रीचं जंगल, कुणी नाही, आणि समोरनं रिकामी गाडी. पहिल्यांदा बघणाऱ्याची टरकतेच. कारण एवढंच की गेम ती गाडी तिथं उभी करतो, जागा उताराची, हँडब्रेक कुणी लावायचा. आमच्यातल्या गॅरेजवाल्याचं निदान, गिअरमध्ये टाकून उभी करायला पाहिजे होती, चाकाला दगड लावायला पाहिजे होता, रॉकस्टारला एवढं कळू नये.

रॉकस्टारनं पुढं लोकांची मजा घेतलीच. जीटीए ५ मध्ये (२०१३) बिगफूटच्या मागं लागायचं मिशन दिलं, शेवटी बघतो तर बिगफूटच्या वेषातला माणूस. आणि सॅन अँड्रियासमध्येच गँट ब्रिजच्या अगदी टोकावर चढून गेलं की पाटी आहे, इथं वर काही ईस्टर एग (बनवणाऱ्यानं लपवलेली गंमत) नाही, चालते व्हा. एवढ्या उंचीवर पाटी लावणारा माणूस सांगतोय की इथं पाटीशिवाय काही नाही, त्याच्यावर विश्वास ठेवायचा का नाही यावर आमच्यात अजून दोन गट आहेत.

पोकेमॉनमधला तो ट्रक?

पहिल्या पोकेमॉनमध्ये एस. एस. ॲन जहाजाजवळ एक ट्रक उभा आहे, अख्ख्या गेममध्ये दुसरा ट्रक नाही, आणि त्याचा काहीच उपयोग नाही. म्हणून जगभरच्या पोरांनी ठरवलं की खाली म्यू नावाचा दुर्मिळ पोकेमॉन लपलाय. काही नाही खाली. आमचा तर्क, आरटीओत कागद अडकलेत.

"एल इज रिअल २४०१" काय भानगड आहे?

सुपर मारिओ ६४ (१९९६) मध्ये किल्ल्यामागच्या अंगणात एक चांदणीचा पुतळा आहे, त्याच्याखालच्या पाटीवर काहीतरी अक्षरं आहेत, इतकी धुरकट की कुणालाही काहीही वाचता येईल. लोकांनी वाचलं "एल इज रिअल २४०१", एल म्हणजे लुईजी, म्हणजे मारिओचा भाऊ गेममध्ये कुठंतरी लपलाय. मग २४०१ नाणी गोळा करा, २४०१ वेळा पुतळ्याभोवती फिरा, काय वाट्टेल ते चालू झालं. तीच पाटी निन्टेन्डोच्याच झेल्डाच्या ऑकारिना ऑफ टाइम गेममध्येही एका गुहेत चिकटवलेली आहे, म्हणजे नुसतं उरलेलं चित्र परत वापरलंय. विषय संपायला पाहिजे होता.

पण नाही. जुलै २०२० मध्ये निन्टेन्डोच्या जुन्या फायली फुटल्या आणि त्यात मारिओ ६४ साठी बनवायला घेतलेल्या लुईजीचे तुकडे सापडले. गेम जपानात आला जून १९९६ ला, म्हणजे २४ वर्षं १ महिना. २४, ०१. आता हा योगायोगच आहे, कुणी दगडावर तारीख कोरून ठेवत नाही, पण त्या आठवड्यात आमच्यातला जो कायम "पुरावा दाखवा" म्हणतो तो पण दोन दिवस कुणाशी नीट बोलत नव्हता.

सगळीकडं लाकडी खोकीच खोकी का?

खोकं बनवायला सगळ्यात सोपं, सहा बाजू आणि एकच फोटो सगळीकडं चिकटवायचा. लपायला येतं, फोडायला येतं, रिकामी खोली भरल्यासारखी वाटते. २००० साली ओल्ड मॅन मरे नावाच्या वेबसाईटनं तर गेम मोजायची पद्धतच काढली होती, गेम चालू केल्यापासून पहिलं खोकं दिसेपर्यंत किती सेकंद लागले. जेवढे जास्त सेकंद तेवढा गेम चांगला, कारण खोकं दिसलं म्हणजे बनवणाऱ्याच्या कल्पना संपल्या. ही पद्धत आजही चालते. काऊंटर स्ट्राईकच्या डस्ट २ ला यात शून्याच्या आसपास मार्क पडतात आणि तरी तो सगळ्यात भारी मॅप आहे, त्यामुळं पद्धत किती मनावर घ्यायची ते तुमचं तुम्ही बघा. एवढी खोकी येतात कुठनं यावर मार्केट यार्डातल्या हमालाच्या पोराचं मत असं की प्रश्न येण्याचा नाहीच, उतरवून कोण घेतं ते सांगा.

आरसे कायम फुटलेले का असतात?

आरशात दिसण्यासाठी गेमला तेच जग दुसऱ्यांदा काढावं लागतं, ते जड जातं. ड्यूक न्यूकेम ३डी (१९९६) मध्ये तर आरशाच्या मागं मॅपमध्ये मोठी रिकामी जागा सोडावी लागायची. मारिओ ६४ मधली आरशाची खोली म्हणजे पलीकडं बांधलेली दुसरी उलटी खोली आणि त्यात दुसरा मारिओ. फुटलेला आरसा स्वस्त पडतो. भुतानं फोडला म्हणणाऱ्यांनी आधी ग्राफिक कार्डाचा भाव बघावा.

सायलेंट हिलमध्ये एवढं धुकं का?

गेम १९९९ चा, तेव्हाचं प्लेस्टेशन लांबचं काढू शकत नव्हतं, म्हणून धुकं. लिफ्ट हळू का चालते? मागं पुढचा भाग लोड होतोय, मास इफेक्टच्या (२००७) लिफ्टवर तर लोकांनी जोक करून करून कंपनीला बेजार केलं. हिरो दोन भिंतींच्या फटीतून अंग चोरून का जातो? तेच. आमच्यात एकजण लग्नात जेवणाच्या लायनीत अडकला तरी "लोड होतंय" म्हणतो.

दुकानदार सामान कुठं ठेवतात? कपाटं तर रिकामी दिसतात.

पायाखाली. स्कायरिममध्ये प्रत्येक दुकानदाराचा माल एका पेटीत असतो आणि ती पेटी मॅपच्या खाली, जमिनीत, आपल्याला दिसू नये अशी पुरलेली असते. डॉनस्टार गावात ती वर लपवली पण नीट लपली नाही, लोकांनी फुकट लुटून लुटून व्यापाऱ्याला रस्त्यावर आणलं. यावर तर्क करायची गरजच पडली नाही, आमच्यातला एक नव्या पेठेत कापडाच्या दुकानात काम करतो, तो म्हणाला यात विचित्र काय आहे, चांगला माल कायम खालीच असतो.

असं पडद्यामागं लपवलेलं बघायला मिळालं की मला जाम आवडतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये जादूचा स्फोट कुठूनतरी व्हायला पाहिजे, पण गेमला करणारा कुणीतरी प्राणी लागतो, म्हणून डेव्हलपर तिथं अदृश्य ससा ठेवतात. अख्ख्या जगात न दिसणारे ससे बसलेत आणि जादू तेच करतात. फॉलआउट ३ ला २००९ मध्ये जे ब्रोकन स्टील जोडलं त्यातली मेट्रो ट्रेन तर खरी ट्रेनच नाही, त्या गेमला चालणारी गाडी जमत नव्हती, म्हणून डबा म्हणजे चिलखतासारखी अंगात घालायची वस्तू केली. कुणीतरी डबा घालून पळतोय. रेल्वे लाईन्सला राहणारा आमचा एक दोस्त हे ऐकल्यापासून सिद्धेश्वर एक्सप्रेसकडं वाकून बघतो, खाली पाय दिसतात का म्हणून.

बीजीएमआयमध्ये एरँगेलची माणसं कुठं गेली?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त भांडणाचा प्रश्न. एरँगेल म्हणजे ८ बाय ८ किलोमीटरचं बेट, ब्रेंडन ग्रीननं २०१७ च्या पब्जीसाठी (बीजीएमआय म्हणजे त्याचंच भारतातलं मोबाईल रूप) केलेलं, नाव त्याच्या मुलीच्या, एरिनच्या, नावावरनं. गोष्टीपुरतं सांगायचं तर सैन्यानं वापरून सोडून दिलेलं रशियन बेट. एवढं अधिकृत. पण आम्ही घरात शिरतो तेव्हा बघतो काय, पलंग आहे, सोफा आहे, शेतात पीक उभं आहे, आणि बाथरूममध्ये रायफल पडलीय. बेट सोडून जाताना माणूस रायफल घेईल का सोडेल? आणि रायफल बाथरूमला घेऊन का गेला होता?

खरं कारण रटाळ आहे, थोड्याच प्रकारची घरं बनवली आणि तीच बेटभर ठेवली, प्रत्येक घरात माल पडायच्या जागा ठरलेल्या, काय पडेल ते नशीब. म्हणून तवा जिन्यात आणि हेल्मेट मोरीत.

आता तर्क. पहिला गट म्हणतो सगळे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला गेलेत, जानेवारीत जुळे सोलापुरातल्या बिल्डिंगा बघा, अशाच दिसतात. दुसरा गट म्हणतो शाळेच्या मधोमध जो पोहायचा तलाव आहे तो कोरडा ठणठणीत आहे, म्हणजे नळाला पाणी येईना म्हणून लोक गाव सोडून गेले, आणि चार-पाच दिवसांआड पाणी बघितलेल्या माणसाला दुसरं कारण सुचतच नाही. यावर पहिल्या गटाचा प्रश्न, गच्चीवर एक पण काळी टाकी का नाही मग? दुसऱ्या गटाचं उत्तर, टाकी घेऊनच गेले, रायफल सोडली, टाकी नाही सोडली, शहाणी माणसं होती.

तिसरा गट एकट्या माणसाचा आहे. तो म्हणतो कुणी कुठं गेलेलं नाही. दर मॅचला विमानातून शंभर जण उतरतात, एकमेकांना मारून बॉक्स होतात आणि संपतं. ते शंभर जण म्हणजेच गावातली माणसं, आपल्याच घरावर उतरतायत, कुलूप कुठल्याच दाराला नाही कारण चावी कुणाकडं द्यायची हे ठरलं नव्हतं. हा माणूस एरँगेलमधल्या पोचिंकी गावात उतरतो आणि प्रत्येक घरात शिरताना दार वाजवतो. त्यामुळं लवकर मरतो.

क्रिकेट ०७ मधलं पब्लिक कागदाचं का?

कारण ते कागदाचंच आहे, म्हणजे सपाट चित्र. मैदानात पंधरा माणसं हलवताना त्या काळचा कॉम्प्युटर दमायचा, त्यात हजारो प्रेक्षक कोण काढणार. कॅमेरा षटकाराच्या मागं स्टँडमध्ये गेला की दिसायचं, एकच काकू, एकच शर्ट, रांगेनं. आमचं म्हणणं, ते सगळे एकाच कंपनीतनं फुकट पासवर आलेत. बॉल अंगावर पडला तरी हलत नाहीत, उन्हात पार्क मैदानावर दिवसभर बसलेला माणूस चारनंतर तसाच होतो.

चौकोनी द्राक्षं म्हणजे काय विषय आहे?

हा खास जिल्ह्याचा विषय. २०२१ च्या डिसेंबरात फायनल फँटसी १४ चा एंडवॉकर नावाचा नवा भाग आला, एवढा मोठा गेम, एवढी भारी दृश्यं, आणि लॅबिरिंथॉस नावाच्या जागेत शेतात ठेवलेली द्राक्षं टोकदार, कोपऱ्याकोपऱ्यांची, मणी कसला, हिराच. लोकांनी त्या द्राक्षांना डोक्यावर घेतलं, चित्रं काढली, फोटो काढायला रांगा लावल्या. मग कंपनीनं अपडेटमध्ये द्राक्षं गोल करून टाकली, आणि लोक रडायला लागले की आमची द्राक्षं परत द्या.

आमच्यात नान्नजकडचा एक आहे, घरची बाग. त्याला तो फोटो दाखवला. त्यानं फोन हातात घेतला, दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ बघितला, आम्हाला वाटलं हसेल. तो म्हणाला घडात मणी दाट झालेत, विरळणी केलेली नाही, म्हणून एकमेकाला दाबून कोपरे पडलेत, वेळेत डिपिंग (घड औषधात बुडवणं) पण केलेलं दिसत नाही. थोडं थांबून म्हणाला, पण पेटीत रचायला एक नंबर माल आहे, वाटेत घासणार नाही, हलणार नाही. बेदाण्याला चालेल का विचारलं तर म्हणाला टोचेल.

आपला भारत कुठल्या गेमात बॅकग्राउंडला आहे का?

हिटमॅन २ मध्ये (२०१८) मुंबई आहे, गर्दी, वायरी, धोबी, सगळं. अनचार्टेड द लॉस्ट लेगसी (२०१७) सह्याद्रीत घडतो आणि त्यातली देवळं होयसळांची, बेळूर-हळेबीडच्या वळणाची. पुण्यातल्या नॉडिंग हेड्सचा राजी २०२० ला आला, तोही बघा. सोलापूर अजून कुठं नाही. २०२३ च्या जूनमध्ये विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा एकजण म्हणाला मॅप अपडेट आला, जुनं लँडमार्क काढलं, आता नवीन येणाऱ्याला आपलं घर कसं सांगायचं. यावर चिमणी पाहिजे होती अन् नको होती असे दोन्हीकडचे लोक एकाच वेळी अंगावर आले, म्हणून हा विषय परत काढत नाही.

डेव्हलपर लोकांना या तर्कांचा राग येत नाही का?

उलट. माइनक्राफ्टमध्ये २०१० ला कुणीतरी पांढऱ्या डोळ्यांच्या हेरोब्राईनची भुताची गोष्ट सोडली, शुद्ध फेकाफेकी, तर मोजांगवाले कित्येक अपडेटच्या यादीत खाली हळूच लिहायचे, हेरोब्राईन काढला. नसलेला काढला. दर अपडेटला. आणि त्यांचा खरा क्रीपर, तो जवळ येऊन फुटणारा हिरवा राक्षस, कसा जन्मला तर डुक्कर बनवताना लांबी अन् उंचीचे आकडे उलटे पडले. त्यांना आपल्यापेक्षा जास्त मजा येते.

उलट आधी ते स्वतःच लपवायचे. अटारीच्या १९८० च्या ॲडव्हेंचरमध्ये वॉरन रॉबिनेटनं स्वतःचं नाव चोरून एका खोलीत ठेवलं, कारण कंपनी बनवणाऱ्याचं नाव छापत नव्हती. डूम २ च्या (१९९४) शेवटच्या राक्षसाच्या आत चक्क गेम बनवणाऱ्यांपैकी जॉन रोमेरोचं मुंडकं आहे.

मी पण एक तर्क आणलाय, कुणाला सांगू?

संध्याकाळी सात रस्त्याला या, चहाच्या गाड्याशी दोन मोबाईल एकमेकाला चिकटवून भांडणारे दिसतील तेच आम्ही. स्क्रीनशॉट स्वतः काढलेला पाहिजे. फोटोत लाल गोल अन् बाण असेल तर गोलाशिवायचा फोटो आणा, गोल काढल्यावर काही दिसत नसेल तर काही नाहीच. एआयनं बनवलेलं भूत चालत नाही. मॉड (गेममध्ये बाहेरनं केलेला बदल) टाकलेला असेल तर आधीच सांगा, नाहीतर चहाचे पैसे तुमचे. ज्यांना बिगफूट दिसलाय त्यांनी मामाच्या पोराला बरोबर घेऊनच या.